सरळ भिंतीस टेकू दिला त्याची हकिकत

ऐकणारांनी चित्त देऊन ऐकावे, आणि पायांचा चिखल बाहेर झटकोनच आत यावे, कारण ज्या मोहिमेची ही हकिकत ती पुरानंतरच्या बाविसाव्या दिवशीची, आणि चिखल अद्याप पुरता हटला नव्हता. नदीबाईसाहेबांनी आगाऊ खबर न देता गल्लीवर चाल केली, दोन दिवस मुक्काम केला, आणि कूच करिते समयीं गाळ, बेडूक व कोणाचा तरी एक परका सोफा मागे ठेविला. मग रयतेने शाळेच्या सभागृहात मदतीचा दरबार मांडिला, आणि त्याची मुखत्यारी निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांस अवघी गल्ली मोठ्या बाई म्हणे, त्यांजकडे आली.

दरबारी दोन टेबले होती. एकावर घरांची डागडुजी चाले, आणि दुसऱ्यावर ज्यांचा धीर खचला त्यांजशी बसोन बोलणे चाले. पहिल्याच पंधरवड्यात अकरा भिंती कलल्या, आणि प्रत्येकीपुढे मोठ्या बाईंनी वहीत ‘आधार’ एवढेच लिहिले, आणि सुतारांनी जाऊन लाकडी टेकू लावावा ऐसा शिरस्ता पडला. मग आधार म्हणजे टेकू, हे दरबारात सर्वांस पाठ जाहले. घात तेथेच जाहला.

त्या गल्लीत कुलूपवाले म्हणोन बुजुर्ग असामी, चाव्या घासण्यात मोठे नामवंत. पूर ओसरला त्या दिवसापासोन ते दुकानाचे शटर आतून लावोन बसले, ताट शटरखालच्या फटीतून घेत, अर्धे परत करीत, आणि शब्द म्हणोन काढीत नसत. हे पाहोन त्यांच्या सूनबाई दरबारी रुजू जाहल्या आणि रडकुंडीस येऊन म्हणाल्या, “बाई, मामंजींना आधार पाहिजे हो. असंच चाललं तर ते हातचे जातील.”

ते समयीं मोठ्या बाई पाण्याच्या टाकीवरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांचा तह करण्यात गर्क होत्या. त्यांनी मान वर न करिता लिहिले : कुलूपवाले, आधार, तातडीने. आणि सुतारांस फर्मान सुटले.

सुतार हे कागदावर लिहिले ते ब्रह्मवाक्य मानणारे सरदार. दोन टेकू खांद्यावर, हातोडा कमरेस, आणि भिंतीचा कल पाहावयाचा ओळंबा खिशात, ऐशा सरंजामानिशी ते दौडत निघाले, आणि गाळात एक चप्पल खर्ची पडली तरी मागे फिरले नाहीत. दुकानापाशी येवोन त्यांनी ओळंबा सोडिला, तो भिंत सरळ. चार पावले सरकोन सोडिला, तरी सरळ. मग कागद खोटा की भिंत खोटी, ऐसा पेच पडला, आणि त्यांनी थोडा विचार करोन भिंत खोटी ठरविली आणि टेकू ठोकावयास आरंभ केला.

तिसऱ्या ठोक्यास आतून गर्जना जाहली. “कोण रे तो? कुठल्या गाढवाला माझी भिंत वाकडी दिसली?”

बावीस दिवसांनी हा आवाज कानी पडला, आणि जेवण घेऊन आलेल्या सूनबाईंच्या हातचे ताट खाली पडले.

“वहीत आधार लिहिलाय,” सुतार म्हणाले. “टेकू लावल्याशिवाय मी जायचा नाही.”

“अरे, सरळ आहे भिंत!”

“मग आतून दाखवा.”

शटर कंबरेइतके वर गेले, आणि सुतार टेकूसकट रांगत आत शिरले. आत अंधार, आणि कुलूपवाल्यांपुढे एक पत्र्याची पेटी. अर्ध्या गल्लीने आपापली जादा चावी त्यांजपाशी ठेविली होती, प्रत्येकीस नावाची चिठ्ठी बांधलेली. पुरात चिठ्ठ्यांचा लगदा जाहला, आणि चाव्यांचा गंजका ढीग उरला.

“लोक मागायला आले तर काय तोंड दाखवू?” कुलूपवाले म्हणाले. “विश्वासानं ठेवल्या होत्या रे.”

ऐशा प्रसंगी काय करावे याचा हुकूम सुतारांपाशी नव्हता. म्हणोन त्यांनी टेकू भिंतीस लावोन ठेविला, खाली बसले, आणि ढिगातली एक चावी उचलोन कुलूपवाल्यांच्या हाती दिली. “ही कुणाची असेल?”

त्यांनी चावीच्या दातांवरून अंगठा फिरविला. “पोस्टमनची. कुलूप जुनं, म्हणून तिसरा दात खोल घासला होता.”

“आणि ही?”

“शिवणवाल्या बाईंची.” आणि मग तिसरी त्यांनी आपण होवोन उचलिली. “सगळे दात मीच घासलेत की रे!”

मग शटर पुरते वर गेले. सूनबाईंनी घरोघर वर्दी दिली, रयतेची रांग लागली, आणि कुलूपवाले एकेक चावी बोटांनी वाचोन ज्याची त्यास देते जाहले, आणि दोघांस पूर्वी कुलूप नीट न लाविल्याबद्दल दमही भरिला. मोठ्या बाई आल्या, आपली चूक उमजल्या, आणि वहीतली नोंद कोणी दुरुस्त करू नये ऐसा हुकूम देवोन चष्मा पुसू लागल्या.

पेटीत एक चावी राहिली. ती कुलूपवाल्यांनी सुतारांपुढे धरिली. “ही तुझी.”

“राहू द्या. दारच वाहून गेलं माझं. चादर टांगलीये.”

“बावीस दिवस? आणि लोकांच्या भिंती धरत फिरतोयस?”

पुरापासोन सुतारांस त्यांच्या घराचे कोणी पुसलेच नव्हते. डोळे भरोन आले ते त्यांनी बाहीने पुसले, आणि गाळ गेला डोळ्यांत म्हणोन सांगितले.

“ऊठ,” कुलूपवाले म्हणाले. “तू दार कर, कुलूप मी बसवतो.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तिसऱ्या दिवशी दार उभे राहिले, आणि कुलूपवाल्यांनी स्वहस्ते कुलूप बसविले. त्या दिवशी सुतारांनी ते दार सात वेळा लाविले आणि सात वेळा उघडिले, बाहेर कोणी नसता. हे आम्ही समक्ष पाहिले आणि पाहिले तैसे लिहिले.