नदीखालची पंगत

सिटी हॉल स्टेशन सोडून आमची भुयारी मेट्रो, एमआरटी, रॅफल्स प्लेसकडे निघाली की गोगटेकाका वर बघून हात जोडतात. डब्याच्या छताला! पहिल्यांदा मला वाटलं, एसीलाच नमस्कार करतायत.

"अगं केतकी, नदी आली," ते म्हणाले. "पुलावरून जाताना आपण खाली बघून नमस्कार करतो ना? आता आपण खालून चाललोय, मग नदी कुठे? डोक्यावर! लॉजिक आहे."

"लॉजिक आहे" हे काकांचं पालुपद. बुकित बातोकला आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. सुमनकाकू जाऊन बरीच वर्षं झाली. नोकरी बँकेच्या सॉफ्टवेअरची, पण जीव अडकलाय लंडनच्या थेम्स नदीखालच्या जुन्या बोगद्यात. लिफ्टमध्ये भेटले तरी सुटका नाही. आमचा मजला येईपर्यंत ती प्रचंड लोखंडी चौकट, तिच्या कप्प्यांत उभे राहून चिखल उपसणारे मजूर, बाप-लेक इंजिनिअर, सगळं सांगून होतं. "आणि आता तिथून गाड्या धावतात, गाड्या!" म्हणत लिफ्टच्या भिंतीवर अशी थाप मारतात की शेजारची चिनी आजी दचकते.

२०१५ साली मला सातवा महिना लागला. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात होत्याचं नव्हतं झालं होतं. त्यामुळे या खेपेला मी सगळ्यांना बजावलं होतं की डोहाळजेवण नाही, कौतुक नाही, काही नाही. मी भयंकर घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते. माझा नवरा मंदार तर पाणी प्यायलासुद्धा मला विचारून जात होता.

तशात काका दारात हजर. "डोहाळजेवण माझ्याकडे! लोक नावेत करतात, झोपाळ्यावर करतात. आपण नदीखाली करू!"

"काका, मला काही नकोय."

"ऐक तर. थेम्सच्या त्या बोगद्यात पाणी शिरलं. लोकांनी धसका घेतला. मग त्या बाप-लेकांनी भोक बुजवलं, पाणी उपसलं आणि तिथेच, नदीखाली, मेजवानी झोडली! टेबलं, दिवे, बँड! आधी पंगत, मग पुढचं खोदकाम. लॉजिक आहे."

मला हसू आलं आणि तिथेच मी फसले. त्यांचा मूळ बेत एमआरटीत पंगत मांडायचा होता. तिथे खाल्लं तर दंड होतो, म्हणून वाचले.

शनिवारी दुपारी गेलो तर काकांच्या हॉलच्या छताला निळ्या चादरी! ही नदी. पंखा नदीत अडकलेला, त्यामुळे आम्ही घामाघूम. "खऱ्या बोगद्यात याहून उकडायचं!" काका आनंदाने ओरडले. बाकी थाट मात्र चोख. फुलांची वाडी, पाच तऱ्हेचे भात, पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या. एकट्या माणसाला हे सगळं कसं ठाऊक, असं मनात आलंच.

मी फुलं माळून खुर्चीवर बसते न बसते तोच मंदार मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "अरे, या मेजवानीनंतर परत पाणी शिरलं होतं की! माणसं गेली."

मी ताडकन उठले. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चिरकला. डोक्यातली फुलं मी ओढूनच काढली.

काका खाली बसले. "परत शिरलं, खरंय. मग कितीतरी वर्षं काम बंद. पण पुढे उघडलं, केतकी, आणि पुरं केलं." मग त्यांनी वरच्या निळ्या चादरींकडे बघितलं. "आमच्याकडेही एकदा शिरलं होतं. डोहाळजेवणाची तयारी झाली होती, यादी मीच केली होती. त्यानंतर सुमन म्हणाली, परत बघू या. मला धीर झाला नाही. तिने दोनदा विचारलं. मग विचारायचं सोडलं."

मंदारने गुपचूप मोबाइल खिशात टाकला.

मला रडू फुटलं. काकांचा राग आला होता आणि त्यांच्यासाठी पोटात तुटतही होतं. मी नाक पुसलं, विस्कटलेली फुलं तशीच डोक्यात खोचली आणि परत खुर्चीवर बसले.

"वाढा काका," मी म्हटलं. "सगळे भात वाढा. आणि तुमचंही पान मांडा, माझ्या शेजारी."