चोळायची बाटली

"नवा गुडघा बसू दे, ल्युबिंकाच्या लग्नात सगळ्यांच्या पुढे मीच नाचणार! वाजवणारे दमतील, मी नाही!"

विलोतियेने हे सकाळपासून अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं होतं. नातीच्या लग्नात फेराच्या अग्रभागी नाचायचा मान आजोबाचा, आणि शस्त्रक्रिया उद्यावर आलेली. वरून गर्जना चालल्या होत्या, पण आतून तो धास्तावला होता.

दिलासा एवढाच, की घरच्या प्लमची दारू डॉक्टर त्रिपकोविचना पोहोचली होती. आपला पाय ज्याच्या स्वाधीन करायचा, त्याच्याकडे रिकाम्या हाताने आमच्याकडे कुणी जात नाही. डॉक्टरांनीही "कशाला, कशाला" म्हणत बाटली टेबलाखाली सरकवली होती.

तसे डॉक्टर कडक. पहिल्याच तपासणीत विलोतियेच्या गुडघ्याला बांधलेलं कोबीचं पान त्यांनी चिमटीत धरून उचललं होतं.

"कोबीच्या पानात खिमा गुंडाळायचा असतो, गुडघा नव्हे! आणि ते दारू चोळणंही आजपासून बंद!"

पण विलोतियेची बायको स्तामेना डॉक्टरांपेक्षा कडक. दुपारी तिने खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि पिशवीतून चोळायची बाटली काढली. तिखटजाळ मिरच्या आणि रानातल्या मुळ्या घालून मुरवलेली ती दारू!

"डॉक्टर नको म्हणालेत ना!"

"उद्या हा गुडघा जाणारच आहे. इतकी वर्षं सोबत केली त्याने, त्याला उपाशी पाठवायचं का?"

ती चोळू लागली. विलोतिये ओरडायच्या तयारीत दात आवळून बसला. काहीच झालं नाही.

"स्तामेना, आग का होत नाही?"

"सवय झाली असेल."

विलोतियेने नाक खाली नेलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, ही तर प्यायची, तुतीच्या लाकडाच्या पिपात मुरवलेली! डॉक्टरांसाठी काढलेली!"

"मग डॉक्टरांना काय दिलंस, म्हाताऱ्या?"

"तू दोन्ही पाण्याच्या एकसारख्या बाटल्यांत भरल्यास!"

"आणि पिशवीत न बघता हात कुणी घातला?"

दोघांनाही एकदमच बोकड आठवला. मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या बोकडाने सांडलेली ती चोळायची दारू नुसती चाटली होती, तर बिचारा संध्याकाळपर्यंत विहिरीभोवती गोल गोल फिरत होता!

"उद्या करवत त्यांच्या हातात असणार आहे," विलोतिये कसाबसा म्हणाला आणि कुबडी घेऊन निघाला.

कॉरिडॉरमध्ये नर्स आडवी आली. "कुठे निघालात? आणि हा वास कसला?"

"डॉक्टर कुठे आहेत?"

"खोलीत. कुणाला आत सोडू नका म्हणालेत. हातात बाटली होती."

"आणि ग्लास?"

"नव्हता."

"अरे देवा, थेट बाटलीच तोंडाला!"

विलोतियेला घाम फुटला. आता लग्नात नाचणं दूरच, त्याआधी डॉक्टरांच्या अंत्ययात्रेला जावं लागणार! तो फरफटत दारापाशी पोहोचला. आतून आवाज आला, "आई गं! मेलो, मेलो!"

त्याने खांद्याने दार ढकललं. "डॉक्टर, थुंका! आधी थुंका!"

डॉक्टर खुर्चीत बसले होते. पँटचा एक पाय मांडीपर्यंत गुंडाळलेला. गुडघा लालबुंद, हातात ती बाटली, आणि टेबलावर धुऊन ठेवलेली कोबीची दोन पानं.

डॉक्टरांचे कानही गुडघ्याच्या रंगाचे झाले.

"प्यायलाच घेतली होती," ते शेवटी म्हणाले. "वासावरून कळलं, ही चोळायची आहे ते. उद्या तुझ्या गुडघ्यासाठी मला माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर तासन् तास उभं राहायचंय, विलोतिये."

विलोतियेला हुश्श झालं. कुबडीवर भार टाकून तो टेबलावरची कोबीची पानं न्याहाळू लागला.

"बघत काय उभा राहिलायस? दार लाव! झोत येतोय वाऱ्याचा, सांध्यांना बाधतो!"

विलोतियेने लगबगीने दार लावलं. खिडकीही किलकिली होती. ती त्याने न सांगताच लावून घेतली.