परवानगीशिवाय मरण नाही

धुरीकाका कोणालाही मारण्याआधी त्याची परवानगी घेतात. सकाळी आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात उभे राहतात, चपला बाहेर काढतात आणि चहा येईपर्यंत पंख्याकडे बघत बसतात. कप रिकामा झाला की म्हणतात, "मी काय म्हणतो, पुढच्या प्रकरणात तुला उडवायचा विचार आहे. तुझी काही हरकत?"

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत नवीन आलेले भाडेकरू हे ऐकून दचकतात. जुने फक्त विचारतात, "कशाने?"

काका कादंबऱ्या लिहितात आणि स्वतःच छापतात. तरुणपणी गिरणीत होते. ती बंद पडल्यावर एका छापखान्यात लागले आणि लोकांच्या लग्नपत्रिका छापता छापता हा नाद लागला. त्यांच्या कादंबरीतली माणसं चाळीतलीच, खऱ्या नावागावासकट, आणि नायक ते स्वतः. "खोटं नाव लिहिलं की माणूस उभाच राहत नाही रे," म्हणतात. पण रोज नळावर भेटणाऱ्या शेजाऱ्याला कागदावर मारायचं म्हणजे पंचाईत, म्हणून ही परवानगी. मी भोईवाड्याच्या कोर्टात कारकून आहे, त्यामुळे साक्षीदार म्हणून मला सोबत नेतात. माझ्यासमोर एकदा हो म्हटलं की माणसाला फिरता येत नाही, असा त्यांचा समज आहे. कोर्टात रोज किती जण फिरतात हे मी त्यांना सांगत नाही.

लोकही घासाघीस करतात. पेडणेकर काकू म्हणाल्या, "मरते, पण सवाष्ण. आणि माझ्या मागे आमच्या ह्यांचं दुसरं लग्न लावायचं नाही." त्यावर पेडणेकरांनी पेपर जरा खाली केला आणि म्हणाले, "अगं, कथेची गरज असली तर बघू की." तळमजल्यावरच्या कांबळेबाबांची अट एकच होती, शेवटी बुद्धवंदना हवी आणि ती नीट लिहायला हवी. काका विहारात जाऊन मागच्या रांगेत बसून ती ऐकून आले, मगच बाबांना मारलं.

लोक एवढ्या खुशीने मरायला तयार होतात त्यालाही कारण आहे. पहिल्या कादंबरीत काकांनी राणेमामांना हार्ट अटॅकने घालवलं, तेव्हा मामा खरोखरच हॉस्पिटलात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पुस्तक छापून आलं आणि मामा चालत घरी आले. अजूनही गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतःच्या मरणाचं पान वाचून दाखवतात. तेव्हापासून चाळीत म्हण पडली, धुरीच्या हातून मेला तो तगला. आता म्हातारी माणसं आपणहून निरोप धाडतात, "माका पण घे रे एकदा."

मरायला गर्दी असली तरी वाचायला नाही. दादरच्या दुकानांत प्रती ठेवल्या, त्या फडक्याने पुसून परत आल्या. लग्नामुंजीत काका आहेर म्हणून कादंबरी देतात, त्यामुळे काही घरांतून आमंत्रणं बंद झाली. उरलेले गठ्ठे कुठे ठेवायचे? खोली दहा बाय बाराची. काकांनी कॉटचे पाय काढले आणि कॉट गठ्ठ्यांवर ठेवली. कुठून मागणी आली की एका कोपऱ्यातला गठ्ठा निघतो आणि कॉट त्या बाजूला कलते. "पुस्तक खपलं की झोप जाते बघ," असं ते मोठ्या अभिमानाने सांगतात.

या सगळ्या पुस्तकांत नायक सोडला तर एकाच माणसाच्या जिवाला कधी धोका नसतो. ती म्हणजे सुनंदा, नायकाची बायको. दर प्रकरणात ती चहा गाळते, कोणाचं तरी पोर सांभाळते आणि गॅलरीतून हाक मारते, "जेवलात काय?" बस, एवढंच तिचं काम. खऱ्या सुनंदाकाकी काकांच्या दुसऱ्या कादंबरीच्या वेळीच गेल्या. पुस्तकात त्या गॅलरीतून हललेल्या नाहीत.

गेल्या वर्षी दादरच्या एका प्रकाशकाने काकांना बोलावलं. त्यांची नवी कादंबरी त्याला आवडली होती. चाळीला घरात कोणाला नोकरी लागल्यासारखा आनंद झाला. मीही सोबत गेलो. तिथल्या संपादक बाई वयाने लहान होत्या, पण हस्तलिखित त्यांनी मनापासून वाचलं होतं. त्या अदबीने म्हणाल्या, "काका, सगळं छान आहे. फक्त ही सुनंदा काहीच करत नाही. ती मध्यावर गेली, तर नायक एकटा पडेल आणि कादंबरी उभी राहील. तेवढं करा, आम्ही छापतो."

बाईंचं खोटं नव्हतं. काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विचारून सांगतो."

हिंदमाताच्या चौकातून आम्ही चाळीपर्यंत चालत आलो. खोलीत शिरल्यावर मला राहवलं नाही. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दाराशी आलं होतं. मी म्हटलं, "काका, काकी जाऊन इतकी वर्षं झाली. आता कागदावर नाही म्हणायला कोण बसलंय?"

"ती 'नाही' म्हणून बसलीय," काका म्हणाले.

मला समजेना. त्यांनी काकींच्या फोटोवरची धूळ बाहीने पुसली.

"हॉस्पिटलात विचारलं होतं मी तिला. राणे वाचला म्हणून सगळे माझ्या मागे लागलेले, सुनंदाला मार, ती पण उठेल. मला पण वाटलं, बघू करून. उशाशी बसून विचारलं. बाकीच्यांना विचारतो तसंच."

"मग?"

"म्हणाली, 'दुसऱ्या कुणी पण मारू दे. तुम्ही नको.'" त्यांनी फोटो सरळ केला. "तू साक्षीला नव्हतास तेव्हा. म्हणून काय फिरू?"

काकांनी माझ्यासमोरच प्रकाशकाला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "परवानगी मिळाली नाही."

कादंबरी याही वेळी त्यांनी स्वतःच छापली. परवा दुपारी गठ्ठे आले, आम्ही चौघांनी ते वर चढवले. कॉट आता इतकी उंच झाली आहे की काकांना स्टुलावर पाय देऊन चढावं लागतं. त्यांनी पहिली प्रत माझ्या हातात दिली आणि मी काय म्हणतो ते ऐकायला समोर बसून राहिले.

मी सवयीने शेवटचं पान उघडलं. गोष्टीत तोवर अर्धी चाळ गेलेली, मीही केव्हाच कावीळ होऊन गेलेलो. नायक एकटाच जिना चढून वर येतो. वरून सुनंदा विचारते, "जेवलात काय?" नायक म्हणतो, "हो, आत्ताच."

मी पुस्तक मिटलं. काकांनी सकाळपासून गठ्ठ्यांच्या गडबडीत काही खाल्लेलं नव्हतं. मी घरी गेलो आणि बायकोला त्यांचं ताट वाढायला सांगितलं.