किशोरची पेन्शन

धडगाव तालुक्यात कोणीही सेवानिवृत्त होवो, मास्तर, नर्सबाई की पाटबंधाऱ्याचा शिपाई, त्याच्या निरोप समारंभाला आमचा किशोर हजर. आमंत्रणाची अट नाही. रजा टाकून, जीपच्या मागे लटकून, घाटाची धूळ अंगभर घेऊन तो पोचतो आणि थेट पहिल्या रांगेत बसतो. भाषणं, शाल, नारळ सगळं उरकलं की सत्कारमूर्तीच्या कानाशी वाकून विचारतो, "आप्पा, हातमा कितलं येस?"

म्हणजे पेन्शन दरमहा हातात किती पडणार.

एकदा एका वनपालांना त्याने असं गाठलं. मांडीवर नारळ, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी आणि वर हा प्रश्न. बिचाऱ्यांनी हुंदके देत आकडा सांगितला. किशोरने तो डायरीत टिपला, पाया पडला आणि न जेवताच परतला. मला नवल वाटलं ते न जेवण्याचं. वीस तारखेनंतर तो फुकटचं जेवण सहसा सोडत नाही.

किशोर एकोणतीस वर्षांचा, आमच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक. मी त्याचा वरिष्ठ, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. टेबलं शेजारी, पण नशीब निराळं. मी जुन्या पेन्शनीतला. मरेपर्यंत सरकार मला पैसे पाठवणार आणि मी झोपून राहणार. किशोरच्या पगारातून दरमहा कापून ते पैसे बाजारात गुंतवतात. शेवटी किती मिळतील, कोणी छातीठोक सांगत नाही. तो माझ्याकडे बघायचा ते विहीर असलेल्या शेजाऱ्याकडे बघावं तसा.

त्यात कर्ज. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं, तोच वडिलांच्या मूत्रपिंडाने दगा दिला. पतपेढीचं कर्ज काढून किशोरने त्यांना सुरतेला नेलं. वडील गेले, हप्ते राहिले. जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचललेला माणूस, पण अखेरच्या दिवसांत तंबाखूच्या पुडीसाठी पोरापुढे मान खाली घालायचा. ते पाहिल्यापासून म्हातारपणाची धास्ती किशोरला ऐन पंचविशीत लागली. सक्तीच्या कपातीवर तो स्वतःहून दरमहा आणखी दोन हजार पेन्शन खात्यात भरू लागला. मग हप्ता जाऊन हातात उरायचं ते वीस तारखेपर्यंतचं. पगाराची चिठ्ठी तो उलटी-सुलटी करून पाहायचा आणि मला म्हणायचा, "आबा, बसस नही." हिशोब बसत नाही. चहा पाजला तरी तेच, पाऊस आला तरी तेच.

मी त्याला समजावलं, की बाबा, कर्जाचं व्याज तुझ्या खात्याच्या पुढे पळतंय. जादा भरणा थांबव, आधी कर्ज मार. त्याने ऐकलं. तीन महिने ऐकलं. चौथ्या महिन्यात तोंड बारीक करून आला.

"आबा, सपनमा बाप उना. काही बोलना नही. नुसता हात पुढे करीसन उभा व्हता."

स्वप्नात आलेल्या बापापुढे माझं व्याजाचं गणित टिकलं नाही. भरणा पुन्हा सुरू झाला.

शहाद्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी शिकलेली, माणसं बरी. मुलीच्या वडिलांनी सहज पगार विचारला. किशोरने पिशवीतून आलेखाचा कागद काढला आणि कर्जाची रेघ कुठल्या वर्षी खाली येते, पेन्शनची कुठल्या वर्षी वर जाते, हे समजावून सांगितलं. दोन्ही रेघा एकमेकींना भेटत होत्या तिथे नवरदेवाचं वय एक्केचाळीस होतं. मी सोबत होतो. पोहे गार झाले. मुलीकडच्यांनी आम्हाला अगदी फाटकापर्यंत पोचवलं, एवढं मात्र खरं.

तरी कर्ज हळूहळू उतरत होतं. अर्ध्यावर आलं, त्या दिवशी त्याने कचेरीला भजी खाऊ घातली. पुढच्याच महिन्यात त्याच्या आईचा गुडघा कायमचा गेला. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर उकिडवं बसून तीस वर्षं देठ खुडल्यावर दुसरं काय होणार? ऑपरेशनला पैसा हवा होता. जामीन म्हणून मी सही करायला गेलो, तर पतपेढीतला माणूस नम्रपणे म्हणाला, की साहेब, हप्ते संपायच्या आधी तुमची नोकरी संपते. दुसऱ्या एकाची सही घेतली. नव्या कर्जातून जुनं फेडलं, ऑपरेशन केलं आणि किशोर पुन्हा घाटाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

त्या दिवशी त्याने जादा भरणाही कायमचा बंद केला. "बसस नही" एवढंसुद्धा म्हणाला नाही. तो महिना संपताना एक मुख्याध्यापक निवृत्त झाले. किशोर गेला नाही. दिवसभर जावक नोंदवहीत मान घालून बसला होता.

मागच्या महिन्यात मी कामासाठी नंदुरबारला निघालो, तेव्हा त्याने आईच्या गोळ्या माझ्याकडे दिल्या. पत्र्याची एक खोली, दारात काठी. आईने मला खाटेवर बसवलं, लंगडत चहा केला. बोलता बोलता कळलं, की मुलगा कर्जात आहे म्हणून त्याचे पैसे ती घेतच नाही. दोनदा आलेले परत पाठवले. मग तुमचं भागतं कसं, मी विचारलं.

ती जरा ऐटीत म्हणाली, "माले पेन्शन शे ना, भाऊ." मग मुलाचा विषय काढताना आवाज उतरला. "मन्हा आंडोर सरकारमा शे, पन तेले नही. तेन्हीच चिंता लागस."

पथारीच्या मालकाने पेन्शन लावून दिली म्हणे. एक तारखेला मुकादम पाकीट आणून देतो. तिने डब्यातून ते काढून माझ्या हातात दिलं. मुकादम घाईत असतो, वाचून दाखवत नाही, तुम्ही वाचा म्हणाली.

खाकी पाकीट होतं. त्यावरचं अक्षर मी रोज शेजारच्या टेबलावर बघतो.

मी वाचलं, "श्रीमती जमनाबाई, सेवानिवृत्त. अक्षरी रुपये दोन हजार फक्त."

सेवानिवृत्त म्हणजे काय, तिने विचारलं. ज्याने आपलं काम मानाने पुरं केलं तो, मी म्हणालो.

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिने डोक्यावरचा पदर नीट ओढून घेतला.