दह्यात शिरलेला विषाणू

कामावरून आल्यावर दह्याचं भांडं स्वतः ब्लीचने पुसायचं, एवढंच आमच्या संशोधकाने ठरवलं होतं. बायकोला वाटलं, नवरा सुधारला.

तसं नव्हतं. तो प्रयोगशाळेत विषाणू पाळायचा (माणसांना न लागणारे, फक्त जिवाणू फस्त करणारे). काचेच्या भांड्यात एका नळीने ताजे जिवाणू येत, दुसरीने सगळं वाहून जाई. ज्या विषाणूकडचं प्रथिन बदलता बदलता सुधारेल, त्याचीच वीण वाढायची, बाकीचे निचऱ्यात. निसर्ग युगानुयुगं रेंगाळतो ते काम झटपट उरकायचा बेत होता. पण त्याचे विषाणू सुधारण्याआधीच संपत. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, "या वेळी जमलं नाही तर प्रयोग बंद, आणि तुमची जागाही."

त्यात हे विषाणू कपड्यांवरून घरी आले तर? घरात पाळलेले जिवाणू एकाच ठिकाणी, दह्यात. म्हणून ब्लीच.

"आजही दही लागलं नाही," बायको म्हणाली.

त्याने भांड्यात डोकावून पाहिलं. म्हणजे विषाणू आला, आणि दह्यावर जगायला शिकलासुद्धा! (थोडा रागही आला. तिथे एवढे लाड करूनही ढिम्म, इथे फुकटात प्रगती.) त्याने ब्लीच वाढवलं. चमचा पुसला, झाकण पुसलं. दूध दुधासारखंच राहिलं.

शेवटी ते दूध बाटलीत घेऊन तो मॅडमसमोर उभा राहिला. "माझ्या हातून विषाणू बाहेर गेलाय," तो कसाबसा म्हणाला.

मॅडमनी बाटली हुंगली. "हे ब्लीच आहे. भांडं नंतर पाण्याने खळबळत नाही?"

"मुद्दाम नाही. थोडं राहिलेलं बरं असतं."

मॅडमची नजर सावकाश काचेच्या भांड्याकडे गेली. "आणि या नळ्या कोण धुतं?"

"मीच. अशाच, ब्लीचने," तो म्हणाला.

त्या आठवड्यात नळ्या मॅडमनी धुतल्या. विषाणू तगले, प्रथिन सुधारलं, जागा वाचली. फक्त नळ्यांना हात लावायची त्याला बंदी झाली. घरी येऊन त्याने सगळं कबूल केलं आणि भांडी घासायला बाह्या सरसावल्या.

"राहू द्या," बायको म्हणाली. "कामाचा नाही तो वाहून जातो, हे तुमचंच शास्त्र ना?" आणि तिने बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं.

तो निमूटपणे बाहेर जाऊन बसला. सकाळी दही घट्ट लागलं होतं.