सूर्य निघाला तिकडून

दम्माममधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि गंजक्या डिश अँटेनांच्या मधे जी थोडी मोकळी जागा आहे, तिथे दर डिसेंबरात माझी सावली खडूने आखली जायची. खुनाच्या जागी पोलीस आखतात ना, अगदी तशी. मी आपली पाय जुळवून, हात अंगाला चिकटवून उभी, आणि सोनवणेकाका गुडघे टेकून माझ्या सावलीभोवती खडू फिरवताहेत. शेजारी वाळत घातलेल्या चादरी. दारात आमचा हारिस बशीर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, गच्चीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा. "साब, हर साल मॅडम को क्यों सजा देते हो?" असं तो विचारायचा, आणि तोच प्रश्न मलाही पडलेला असायचा.

अरविंद सोनवणे मूळचे नाशिकचे. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे आणि एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये मेंटेनन्सचे इंजिनिअर होते. माणूस तसा साधा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, जिन्यात भेटले की "काय म्हणतंय प्रेशर?" एवढीच चौकशी. हे प्रेशर रक्ताचं, कुकरचं की संसाराचं, हे आपण आपलं ठरवायचं. पण डिसेंबर उजाडला की या साध्या माणसाच्या अंगात काहीतरी संचारायचं. त्यांचं म्हणणं असं की खरी संक्रांत चौदा जानेवारीला नसतेच. सूर्य उत्तरेकडे वळतो तो बावीस डिसेंबरला, कधी एकवीसला. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र सरली की संपलं, तीच संक्रांत. पुढचे तीन आठवडे आपण सगळे उगाच ताटकळत बसतो.

"सूर्याला पंचांग वाचता येत नाही हो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथल्या मराठी मंडळींच्या बैठकीत त्यांनी एकदा रीतसर सूचना मांडली होती की हळदीकुंकू आणि तिळगूळ बावीस डिसेंबरला हलवावेत. अध्यक्ष म्हणाले, "काका, हॉल जानेवारीचा बुक झालाय." काका म्हणाले, "पृथ्वीचा आस हॉल बघून कलत नाही." त्यानंतर त्यांना बैठकीला बोलावताना लोक जरा विचार करू लागले.

मी पहिल्यांदा या प्रकारात सापडले ते आम्ही इथे राहायला आलो त्याच वर्षी. सामान अजून खोक्यांत होतं. दार वाजलं. बाहेर काळा स्वेटर घातलेले काका, हातात तिळगुळाची वाटी. "संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या. सावली द्यायला येता का?" मी नवऱ्याकडे पाहिलं. नितीनला अशा वेळी नेमका ऑफिसचा फोन येतो. मी म्हटलं, "यांना न्या की." काकांनी नितीनला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "ते नकोत. ते उंच आहेत."

आता सावली काढायला उंच माणूस का चालत नाही, हे विचारायला हवं होतं. पण नवीन शेजार, म्हणून मी गेले. भर दुपारची वेळ, तीही त्यांच्या हिशेबाची. दम्माममध्ये सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजायच्या आधीच, असं त्यांनी मला जिना चढताना समजावलं. मी उभी राहिले, त्यांनी आखलं. सावली माझ्यापेक्षा चांगली लांब निघाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उंच झाले म्हणून मला थोडं बरंही वाटलं. एवढ्यात काकांनी खिशातून टेप काढली, डोक्याकडचा भाग फडक्याने पुसला आणि माझी सावली चांगली दीड वीत आखूड करून टाकली.

"हे काय?"

"करेक्शन," काका म्हणाले, आणि खडूची पूड झटकून उठले. मग शेजारी स्वतः उभे राहिले आणि बशीरकडून स्वतःची सावली आखून घेतली. तिच्यात मात्र करेक्शन नव्हतं. माझ्याच सावलीवर हा अन्याय का, म्हणून मी घरी येऊन बराच वेळ धुसफुसत होते.

संध्याकाळचा कार्यक्रम वेगळा. जगभरातले लोक या दिवशी काय काय करत आले, ते त्यांनी गोळा केलं होतं आणि ते सगळं ते एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये करू बघायचे. कुठे डाळिंब खातात म्हणून डाळिंब. कुठे हिरवी फांदी घरात आणतात म्हणून खजुराची एक झावळी बादलीत उभी. ती छतापेक्षा उंच असल्याने वर जाऊन वाकायची आणि येणाऱ्याच्या डोळ्यात जायची. आपल्याकडचं म्हणून बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. घरातले सगळे दिवे घालवायचे, मग एकेका खोलीत पणती लावायची. न्हाणीघरातसुद्धा. "तिथे काय अंधार कमी असतो का?" असं ते म्हणायचे.

एका वर्षी त्यांनी वाचलं की थंड देशांत या दिवशी मोठा ओंडका जाळतात. इथे थंडीत रस्त्याच्या कडेला वाळवंटात शेकोटी करणाऱ्यांसाठी लाकडं विकायला असतातच. काकांनी बाभळीचा चांगला मांडीएवढा ओंडका आणला आणि स्वयंपाकघरात पोळीच्या परातीत पेटवला. पुढचं सांगायला नकोच. अलार्म बोंबलला, आणि सगळी बिल्डिंग घरच्या कपड्यांत रस्त्यावर आली. बिल्डिंगचे मालक, पांढऱ्या दाढीचे म्हातारे सौदी गृहस्थ, काठी टेकत आले. आता काकांची धडगत नाही, असं आम्हाला वाटलं. काका धुराने काळवंडलेल्या चेहऱ्याने पुढे झाले, तिळगुळाची वाटी त्यांच्यापुढे धरली आणि मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले, "शम्स, यरजा!" म्हणजे सूर्य परत येतोय. मालकांनी एक वडी तोंडात टाकली. नुकत्याच मावळलेल्या सूर्याच्या दिशेने पाहिलं. आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "इन्शाअल्ला." प्रकरण तिथेच मिटलं. परात मात्र गेली ती गेलीच.

या सगळ्यात काकांच्या तोंडी सारखी त्यांची बायको असायची. सुनंदा म्हणते बाजरीत मीठ कमी घालावं. सुनंदा म्हणते नाशिकची थंडी कोरडी आणि इथली ओलसर. त्या नाशिकला शाळेत भूगोल शिकवतात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. माझ्या मनात या बाईंविषयी अढी बसली होती, खरं सांगते. इतका भला माणूस इथे एकटा भाकऱ्या थापतोय, आणि बाई एकदासुद्धा फिरकत नाहीत? मी नितीनला म्हणायचेसुद्धा, "फारच कडक दिसतायत." नितीन म्हणायचा, "बायका असतात अशा," आणि मग माझ्याकडे न बघता पेपर उचलायचा.

आणखी एक खोड सांगायची राहिली. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला काका गच्ची झाडायला वर यायचे. मी बहुतेक वेळा कपडे वाळत घालत असायचे. त्यांच्या खिशातला फोन वाजायचा. ते तो काढायचे, बंद करायचे, पूर्वेकडे पाहायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "निघाला तिकडून." मग झाडू पुन्हा सुरू. मी एकदा विचारलं, "कोण निघाला?" म्हणाले, "सूर्य. आणखी कोण?" मी चादरीला चिमटे लावले.

गेल्या वर्षी काकांना कंपनीने निवृत्त केलं. जानेवारीत फायनल एक्झिट, म्हणजे इकामा, इथला राहण्याचा परवाना, जमा करून कायमचं घरी. जो भेटेल तो अभिनंदन करायचा. "सुटलात काका! आता नाशिक, मळा, द्राक्षं!" काका "हो, हो," म्हणायचे. पण बशीरने मला सांगितलं की साब ऑफिसच्या चकरा मारतायत, कुठलीही जागा द्या, स्टोअरमध्ये बसवा, पण राहू द्या म्हणून. मला कळेना. इतकी वर्षं एकट्याने काढलेल्या माणसाला घरी जायची भीती कसली? एके दिवशी जिन्यात त्यांनी मला थांबवलं. या वेळी प्रेशर विचारलं नाही. म्हणाले, "बावीसला याल ना? शेवटचीच आहे. यंदा चुकायला नको."

त्या सकाळी दम्मामवर दाट धुकं उतरलं होतं. समुद्राकडून येतं ते, थंडीत कधी कधी. समोरची मशीद दिसेना. मी दहाच्या आधीच वर गेले, कारण काकांच्या घरातून तिळाचा वास आला नव्हता आणि ते मला खटकलं होतं. काका गच्चीवर होते, काळा स्वेटर, हातात खडू. झाडू भिंतीला तसाच टेकलेला. फोन वाजला. त्यांनी बंद केला, पूर्वेकडे पाहिलं. तिकडे नुसतं पांढरं होतं.

"निघाला ना तिकडून?" मी आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं.

"निघाला असेल," ते म्हणाले. "सांगणारं कोणी नाही."

मग ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले आणि धुकं विरायची वाट बघता बघता बोलायला लागले. इथे आले त्या पहिल्या वर्षी जानेवारीत दुरुस्तीसाठी प्लँटचं शटडाउन होतं. त्यांच्या प्लँटचं शटडाउन नेहमी जानेवारीतच येतं. संक्रांतीला रजा नाही. लग्नानंतरची तिसरी की चौथी संक्रांत, मूलबाळ नव्हतं, घरात ती एकटी आणि इथे हे. संक्रांतीच्या दिवशी यांनी फोन लावला. तेव्हा सुनंदाकाकू वर्गात सांगाव्यात तशा म्हणाल्या, "अहो, खरी संक्रांत आजची नाहीच मुळी. ती बावीस डिसेंबरलाच झाली. तुमचं काहीसुद्धा चुकलेलं नाही."

"भूगोल तिचा," काका म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं? मी आपला व्हॉल्व्हचा माणूस."

पुढच्या वर्षापासून बावीस डिसेंबर दोघांचा झाला. त्या नाशिकला गच्चीवर सावली मोजायच्या, हे इथे. नाशिकची दुपार आपल्या आधी होते. त्यांची सावली मोजून झाली की त्या फोन करायच्या, "माझी झाली. सूर्य निघालाय इकडून, लक्ष ठेवा." मग हे त्याची वाट बघत गच्ची झाडायचे. तो इथे डोक्यावर आला की हे उलटा फोन करायचे, "पोचला हो." जगातल्या चालीरीती, डाळिंब, ओंडका, तेही सगळं त्याच शोधून कळवायच्या.

"सहा वर्षं झाली तिला जाऊन," काका म्हणाले. "मी पोचलो तेव्हा आटोपलं होतं सगळं. परत आल्यावर कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की माणसं 'होती' म्हणायला लागतात. आता दहाला मीच अलार्म लावतो."

'सुनंदा म्हणते' हे मी इतकी वर्षं ऐकत होते आणि ती बाई मला इतकी ठणठणीत जिवंत वाटत होती की तिच्यावर मी मनातल्या मनात रागावले होते. माझे डोळे भरून आले. काकांनी ते पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "तुमची उंची अगदी तिच्याइतकीच आहे. म्हणून त्रास दिला दरवर्षी."

"आणि करेक्शन?"

"इथे सावली लांब पडते. माणसाला ओलांडून जाते. नाशिकला या दिवशीही दुपारची सावली माणसाहून चार बोटं आखूडच राहते. हिशेब करून तिची तिथली काढायचो." ते खडूकडे बघत राहिले. "नाशिकला जायला माझी ना नाही. पण मी तिकडे गेलो की सूर्य तिकडून निघणार आणि इकडे त्याला बघायला कोणीच नसणार. नुसता जाईल समुद्रावरून."

साडेअकराच्या पुढे धुकं पातळ झालं. आधी टाक्या दिसल्या, मग मशिदीचा मिनार. गच्चीच्या काँक्रीटवर फिकट सावल्या उमटल्या, पुसट, चहा सांडून पुसल्यावर डाग राहतो तशा. मी न सांगता जागेवर जाऊन उभी राहिले, पाय जुळवले. काकांनी आखलं, डोकं पुसून आखूड केलं. या वेळी मला राग आला नाही. मग ते शेजारी उभे राहिले. बशीर नव्हता, म्हणून त्यांची सावली मी आखली. मी दूर झाले तेव्हा दोन आकृत्या शेजारी शेजारी होत्या, एक लांब, एक आखूड. काका त्यांच्याकडे नुसते बघत उभे होते.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही तिकडून पाठवा. मी घेईन."

त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला, पुन्हा घातला. "जमेल तुम्हाला? दहा वाजता फोन करीन मी. तुम्ही घरी शिकवण्या घेता, त्या वगैरे..."

"जमेल."

"खडू शाळेचा घ्या. तो इथला रंगीत नको," ते म्हणाले, आणि उरलेला तुकडा माझ्या हातात दिला.

काका गेले. त्यांच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब आलं, त्यांनी झावळीची बादली जिन्यात ठेवली, ती मी आत घेतली. उन्हाळाभर धुळीची वादळं झाली, गच्चीवरच्या दोन्ही सावल्या कधी पुसल्या गेल्या ते कळलंही नाही.

या वर्षी बावीसला मी सकाळपासून तीळ भाजत होते. नितीन म्हणाला, "अगं, संक्रांतीला अजून वेळ आहे." मी म्हटलं, "सूर्याला पंचांग वाचता येत नाही." माझी लेक इरा सुट्टीमुळे घरीच होती, तिने मान वर करून विचारलं, "आई, आर यू ओके?" दहाला फोन वाजला. काकांचा आवाज थोडा थकलेला होता, मागे कुठेतरी कावळा ओरडत होता. म्हणजे ते गच्चीवरून बोलत होते.

"आमची झाली," ते म्हणाले. "निघालाय इकडून. लक्ष ठेवा."

मी गॅस बंद केला, काळा ड्रेस घातला, खडू घेतला आणि इराला हाक मारली. बशीरने न विचारता किल्ली काढून दिली. साडेअकरा झाले, इराने माझी सावली आखली आणि किंचाळली, "आई, इट्स बिगर दॅन यू!" करेक्शन मी केलं नाही. ही इथली होती, माझीच. तिच्याकडे बघत मी नाशिकला फोन लावला. एकच रिंग वाजली असेल, त्यांनी उचलला.

"पोचला हो," मी म्हटलं.

पलीकडे कावळा पुन्हा ओरडला. मग काका म्हणाले, "हं. सांगतो तिला."