बोकडाचा मालक कोण

बसा. काही काम असेल तर ते राहू द्या थोडा वेळ, कारण ही गोष्ट अर्धी ऐकून उठलात तर तुम्हाला वाटेल, ही बोकडाची गोष्ट आहे. तशी ती नाही. बोकड आहे तिच्यात, पण तो बिचारा पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प होता. तोंड चालवलं ते एका कारकुनाने.

हा कारकून पालिकेतला. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागला, साहेबांच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं पुसता पुसता उघडून बघायला लागला आणि वाचत वाचत कारकून झाला. ऑफिसात सगळे त्याला पोटकलम म्हणायचे. पोट होतं, कलमं तोंडपाठ होती, त्यामुळे या नावावर कोणाचं दुमत नव्हतं.

पोटकलमाचा तोरा एकच. "बाकीचे शिक्षा काय ते वाचतात. मी आधी व्याख्या वाचतो. व्याख्येत सापडलेला माणूस सुटत नाही." हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की ऑफिसातला जुना पंखासुद्धा ते ऐकून मान हलवायचा.

त्यात हेडक्लार्क रिटायर झाला. खुर्ची रिकामी. जेवणाच्या सुट्टीत कोणी नसताना पोटकलम तिच्यावर बसून बघायचा. मापात बसायचा अगदी.

आणि मग बोकड आला.

पालिकेने नवी बाग केली होती. उद्घाटनाच्या सकाळी साहेब रिबीन कापायला कात्री घेऊन गेले, तर आत बेचाळीस गुलाबांच्या जागी बेचाळीस काड्या. आणि पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत एक काळा बोकड रवंथ करत उभा, जसं काही प्रमुख भाषण त्याचंच होतं.

साहेबांनी पोटकलमाला बोलावलं. "याचा मालक शोधा. शुक्रवारपर्यंत. तुमच्या बढतीची फाईल माझ्या टेबलावरच आहे, कळलं ना?"

पोटकलमाला फाईल हा एकच शब्द कळला, बाकीचं त्याने अंदाजाने धरलं.

गावभर विचारलं, बोकड कोणाचाच नाही. दुसरा असता तर हात झटकून मोकळा झाला असता. पण याने मोकाट जनावरांचा कायदा काढला आणि थेट व्याख्येवर गेला. तिथे लिहिलं होतं, मालक म्हणजे जो जनावराला नेहमी खायला घालतो आणि आसरा देतो तो. विकत घेतलेलं असो वा नसो. आणि अशा मालकाचं जनावर मोकाट सापडलं, तर मालकाला तीन वर्षं पालिकेकडून काही मिळणार नाही. परवाना नाही, गाळा नाही, पालिकेचा नोकर असेल तर बढती नाही.

पोटकलमाने पुस्तक छातीशी धरलं.

दुपारी तो मंडईत गेला. भाजीवालीच्या गाळ्यासमोर बोकड कोबीची पानं खात होता.

"बाई, याला रोज देता?"

"देते की, दादा. नाही दिलं तर चांगला माल ओढतो."

"म्हणजे नेहमी. आणि ऊन लागलं की हा तुमच्या ताडपत्रीखाली उभा राहतो?"

"मी काय त्याला छत्री देऊ?"

"तोच आसरा," म्हणत पोटकलमाने जबाब लिहून काढला. बाईने सही केली, तिला वाटलं बोकडासाठी पालिका काहीतरी देतेय. पुढचं कलम वाचून दाखवलं तेव्हा तिचा हात तराजूवरच राहिला.

"म्हणजे माझा गाळा जाणार? बावीस वर्षं बसते मी इथे. घरात दुसरं कमावतं कोणी नाही."

"मी नाही म्हणत, बाई. व्याख्या म्हणते."

त्या दिवशी पोटकलम घरी शीळ घालत गेला. जेवताना मात्र तो तराजूवरचा हात एकदोनदा डोळ्यांपुढे आला. त्याने पाणी पिऊन तो घशाखाली ढकलला.

शुक्रवारी साहेबांपुढे सुनावणी. भाजीवाली धुतलेलं लुगडं नेसून आली. ना रडली, ना भांडली. म्हणाली, "साहेब, माझ्याकडे हा बाराला येतो आणि चार पानं खातो. एवढं धूड चार पानांवर होतं का? सकाळी कुठेतरी पोट भरून येतो हा. तो कुठला आसरा, तो तरी बघा."

साहेब म्हणाले, "मुद्दा आहे. उद्या सकाळी स्थळपाहणी."

पोटकलमाने मान डोलावली. स्थळपाहणी त्याच्या आवडीचा शब्द.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वरात निघाली. बागेच्या कुंपणापासून पुढे बोकड, मागे साहेब, त्यांच्यामागे पोटकलम वही घेऊन, शेवटी भाजीवाली. बोकड दवाखान्यावरून वळला. पोटकलम म्हणाला, "बघा साहेब, किती लांब जातो." बोकड पोस्टाकडे वळला. पोटकलम जरा कमी बोलायला लागला. बोकड लाकडाच्या वखारीच्या गल्लीत शिरला, तशी पोटकलमाची वही बंद झाली.

"साहेब, मला वाटतं आपण याच्या मागे आहोत हे ओळखून हा आपल्याला फिरवतोय."

"बोकड?"

"फार बेरकी जात असते."

बोकडाने निळं फाटक शिंगाने उघडलं, अगदी रोजच्या सवयीने. आतून आवाज आला, "आलास का रे राजा? आज उशीर केलास." आणि पोटकलमाची बायको भाजीच्या सालांचं पातेलं घेऊन बाहेर आली. बोकड सरळ मागच्या पडवीत गेला. तिथे त्याचं पोतं अंथरलेलं, पाण्याची बादली भरलेली, आणि खुंटीवर एक मफलर. हा मफलर पोटकलम दोन महिने शोधत होता.

"गार वारा सुटला की बांधते त्याच्या गळ्यात," बायको म्हणाली. "साहेब, तुम्ही? या ना, चहा टाकते."

साहेबांनी विचारलं, "ताई, किती दिवस झाले याला?"

"चार महिने होतील. रात्रभर हिंडतो, उजाडलं की खायला-निजायला येतो."

"आणि यांना माहीत नाही?"

"सांगितलं होतं की. हे पुस्तक वाचत होते. म्हटलं, अहो, एक बोकड ठेवून घेऊ का? हे म्हणाले, हं."

भाजीवाली तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली. तिच्या पाठीवरून कळत होतं ती काय करतेय ते.

पोटकलमाने घसा साफ केला. "साहेब, नेहमी या शब्दाचा अर्थ जरा..."

"परवा या बाईंना तुम्ही काय अर्थ सांगितलात?"

पोटकलम काखेतलं पुस्तक चाळायला लागला. साहेबांनी स्वतः पुस्तक मागितलं. पुढचीच ओळ होती: जनावर घरात ठेवलं असेल तर घरातला प्रमुख तो मालक.

"बाईंचा जबाब रद्द," साहेब म्हणाले आणि तो कागद टराटरा फाडला. "गाळा तुमचाच, बाई. आता राहिले हे. घरातले प्रमुख तुम्हीच ना? मग बढती तीन वर्षं विसरा."

पोटकलमाला समोर खुर्ची दिसली. तिच्यावर दुसरंच कोणी बसलेलं. पण पुस्तक वाचलेला माणूस तो. हळूच म्हणाला, "साहेब, प्रमुखाची व्याख्या बघा. ज्याच्या शब्दाने घर चालतं तो, असं आहे तिथे. हिच्याकडे ना परवाना, ना नोकरी. तिचं काही जात नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. "बरं. फाटकाला निळा रंग कोणी ठरवला?"

"हिने."

"मुलीला शाळा?"

"हिने."

"तुम्ही आज घातलाय तो शर्ट?"

पोटकलमाने मान खाली घालून शर्टाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

बायको म्हणाली, "तो मी नको म्हटलं होतं. पण ऐकतील तर शपथ."

"गप बस ना जरा," पोटकलम कळवळून म्हणाला. "मी बढती वाचवतोय."

"मग लिहून द्या," साहेब म्हणाले. "घरात प्रमुख बायको आहे, माझ्या शब्दाला किंमत नाही."

"किंमत नाही, हे व्याख्येत नाही साहेब."

"स्पष्ट असलेलं बरं."

लिहिलं बिचाऱ्याने, सगळ्यांसमोर, ओट्यावर बसून. साक्षीदार म्हणून भाजीवालीने सही केली. असं सुवाच्य अक्षर तिने जबाबावरही काढलं नव्हतं.

पण कायदा तेवढ्यावर सोडत नाही. असं लेखी दिलेलं पालिकेच्या फळ्यावर तीस दिवस लावायचं, खाली लिहायचं, कोणाची हरकत असल्यास कळवावी. लावलं. सगळं गाव वाचून गेलं. शाळेच्या सहली आल्यासारखी माणसं आली. सासरा आला, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

आज एकोणतीस दिवस झाले. हरकत एकही नाही.

उद्या मुदत संपते. खुर्ची मिळेल, त्याचं काही नाही. पण तुम्ही चार लोकांत उठबस असलेली माणसं. उद्या पालिकेवरून जाणार असाल तर एक, फक्त एक हरकत टाका हो. फेटाळली गेली तरी चालेल, नुसती नोंद होऊ दे. आणि हे मी सांगितलं म्हणून बायकोला कळू देऊ नका. त्याच्या बायकोला म्हणतोय मी.